२० मिलिमीटरची थर्माकोल शीट: मॉडेल विमानाच्या पंखासाठी कशी?

बेळगावच्या हार्डवेअर दुकानांत छताखाली लावायला थर्माकोल मिळतो, तोच घ्यायचा. मागताना डेन्सिटी २० ची (घनमीटरला २० किलो) मागा. पॅकिंगचा हलका थर्माकोल कापायच्या गरम तारेखाली दाणेदार सुटतो आणि पंखाची मागची धार हातात तुकडे होऊन येते.

एक मीटर बाय अर्धा मीटरच्या शीटमधून १६ सेंमी रुंद, ८० सेंमी लांब असे तीन पंख निघतात. म्हणजे तीन आकार करून बघता येतात. जाडीही नेमकी जमते. क्लार्क-वाय (पंखाच्या छेदाचा एक आकार, तळ बराचसा सपाट) या आकाराची जाडी रुंदीच्या ११.७ टक्के, १६ सेंमीला पावणेएकोणीस मिलिमीटर. पंख ३५ ग्रॅमच्या आत बसतो. ३ मिलिमीटरचा सनबोर्ड (प्लॅस्टिकचा घट्ट फोम) त्याच मापाला दोनशे ग्रॅमच्या घरात जातो. तो नावाच्या पाट्यांनाच बरा.

कापायला ०.३ मिलिमीटरची नायक्रोम तार (विजेने तापणारी), ४० सेंमी, १२ व्होल्ट ३ अँपिअरचा अडॅप्टर. तार एवढीच, त्यामुळे पंख दोन अर्ध्या भागांत कापावा लागतो, पण टोकं ४-४ सेंमी उचलायची असतात, तेव्हा सांधा येणारच. साचे, म्हणजे तुकड्याच्या दोन्ही टोकांना लावायचे पंखाच्या छेदाचे आकार ज्यांवरून तार सरकते, सनमायकाचे करा, सुताराकडे तुकडे पडलेले असतात. सरळ पंख सोपा. निमुळत्याला दोन माणसं लागतात: दोन्ही साच्यांवर १ ते १० खुणा करून आकडे मोठ्याने म्हणत तार ओढायची. टोकाचा साचा लहान, तिथे तार हळू सरकते, जास्त वितळवते आणि टोक ठरल्यापेक्षा बारीक होतं. असं टोक वळणावर आधी उचल सोडतं, विमान एका कुशीवर पडतं. टोकाची मागची धार २-३ मिलिमीटर वर ठेवली की हे बरंच थांबतं.

वरच्या बाजूला पायरी असलेल्या, म्हणजे क्लाइन-फोगलमन पंखाला मात्र ही शीट नको, जाड पडते. तिथे ५ मिलिमीटरचा फोमबोर्ड, वरचा थर पुढच्या धारेपासून ८ सेंमीपर्यंत.

बांबूची कामटी पुढच्या धारेपासून ५ सेंमीवर खाच पाडून बसवा. डिंक फेविकॉलच, रबरी सोल्युशन आणि स्प्रे पेंट थर्माकोल खाऊन टाकतात. फेविकॉल आत वाळायला रात्र घेतो, घाई केली की सांधा उघडतो.

बेळगाव साधारण ७५० मीटरवर, हवा थोडी विरळ, म्हणून हातातून जरा जोरात सोडावं लागतं. सुगी झाल्यावर येळ्ळूरचं भातशिवार उत्तम. सांबऱ्याकडे विमानतळ आहे, तिकडे नको.