ब्लॉग वाचून पुस्तके घेण्याचा अनुभव : कमिशनचे काय?

बरेच महिने मी पुस्तके ब्लॉगवरील शिफारशी वाचूनच घेत आहे. हे लिहिण्यास निमित्त झाले ते ५९९ रुपये मोजून मागवलेले वेळेच्या नियोजनावरचे एक इंग्रजी पुस्तक, ज्यातला सारा ऐवज त्याच लेखकाच्या ब्लॉगवर आधीपासून फुकट उपलब्ध होता आणि पुस्तकात त्यावर केवळ उदाहरणांचे पाणी घातलेले होते. शिफारस करणाऱ्याने खरेदीच्या लिंकवर आपल्याला कमिशन मिळते, हे कुठेही लिहिले नव्हते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या व्यापारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने २००९ मध्ये आणि आपल्याकडे जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये असे संबंध उघड करण्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे दिली. तरीही एक ओळ लिहिण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही, याचा मला पुस्तकापेक्षा अधिक राग आहे.

कादंबऱ्यांच्या बाबतीत मात्र तक्रार नाही. अँडी वीअर यांनी ‘द मार्शियन’ २००९ पासून आपल्या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने फुकट दिली, वाचकांनी त्यातल्या शास्त्रीय चुका दाखवल्या, त्यांच्याच आग्रहावरून किंडल आवृत्ती ९९ सेंटना निघाली आणि फुकट मिळणारी गोष्ट लोकांनी पैसे देऊन घेतली. २०१४ मध्ये क्राउन या प्रकाशनसंस्थेने ती छापली. कथेची गोडी सारांशात उतरत नाही. वैचारिक पुस्तकाचा सारांश मात्र नेमका लिहिला गेला, की ते विकत घेण्याचे कारणच संपते, असे माझे मत होते.

अमेरिकन ब्लॉगलेखिका ज्युली पॉवेल यांच्या उदाहरणाने ते बदलले. प्रसिद्ध पाककला-लेखिका ज्युलिया चाइल्ड यांच्या १९६१ च्या फ्रेंच पाककृतीग्रंथातील ५२४ पदार्थ ३६५ दिवसांत करण्याचा संकल्प त्यांनी २००२ मध्ये ब्लॉगवर मांडला. त्या ब्लॉगचे पुस्तक झाले, पुढे चित्रपट आला आणि २००९ मध्ये तो जुना ग्रंथ न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत प्रथमच अग्रस्थानी पोहोचला. चित्रपटाचा वाटा मोठा हे खरे. पण मुळात तिथे कोणी गुण सांगत बसले नव्हते, रोज ते पुस्तक ओट्यावर उघडे ठेवून स्वयंपाक चालला होता.

तेव्हापासून कथेतर पुस्तक घेताना लिहिणाऱ्याने ते वापरले आहे का, एवढेच पाहतो. कोणाचे कमिशन लपवलेले दिसले, तर तेच पुस्तक नेहमीच्या दुकानातून सवलतीत आणतो. उघड सांगणाऱ्याच्या लिंकवरून मात्र मुद्दाम घेतो, कारण त्यात मला एक रुपयाही जास्त पडत नाही.