गिटहब पेजेस आणि ॲक्शन्स: स्टॅटिक साइटला पुरेसं, पण हिरव्या टिकवर विसंबू नका

लेखांच्या फाइल्समधून तयार एचटीएमएल पानं बनवणाऱ्या ह्यूगोसारख्या जनरेटरवरची साइट पुश केल्याबरोबर (बदल गिटहबवर चढवल्याबरोबर) आपोआप बिल्ड होऊन लाइव्ह जावी, एवढीच गरज असेल तर गिटहब पेजेस, म्हणजे गिटहबची साइट होस्ट करणारी सेवा, बिनधास्त घ्यावं. पब्लिक रेपोला (सर्वांना दिसणाऱ्या कोडच्या साठ्याला) पेजेस फुकट, आणि ॲक्शन्सची, म्हणजे बिल्डसारखी कामं आपोआप चालवणाऱ्या सेवेची, मिनिटंही फुकट. रेपो प्रायव्हेट ठेवून पेजेस चालवायचं असेल तर मात्र पैसे भरून प्लॅन घ्यावा लागतो.

सेटिंग्जमध्ये पेजेसखाली सोर्स म्हणून ब्रँच (रेपोची शाखा) न निवडता 'गिटहब ॲक्शन्स' निवडा. तयार एचटीएमएल वेगळ्या ब्रँचमध्ये ढकलायची जुनी पद्धत अजून चालते, पण तिच्यात कटकटी फार. डिप्लॉयने ब्रँच पुसून नव्याने भरली की डोमेनचं नाव ठेवणारी सीनेम फाइल जाते आणि तिच्यासोबत स्वतःचं डोमेनही. शिवाय अंडरस्कोरने सुरू होणारे फोल्डर पेजेसचा डिफॉल्ट जनरेटर जेकिल गाळून टाकतो. ॲक्शन्सच्या वाटेला दोन्ही प्रश्न येत नाहीत.

वर्कफ्लोत, म्हणजे ॲक्शन्सने करायच्या कामांच्या फाइलीत, दोन जॉब. पहिल्यात चेकआउट (रेपोतल्या फाइल्स आणणं), ह्यूगो, बिल्ड आणि आर्टिफॅक्ट (तयार साइटचा गठ्ठा) अपलोड. अपलोडचा डिफॉल्ट पाथ जेकिलच्या फोल्डरचा असतो, ह्यूगो 'पब्लिक'मध्ये लिहितो, म्हणून पाथ स्वतः द्यावा लागतो. दुसऱ्या जॉबमध्ये डिप्लॉय. त्याला पेजेस आणि आयडी-टोकन या दोन्हींची राइट परमिशन हवी. ह्यूगोचं व्हर्जन आकड्यात लिहा. 'लेटेस्ट' ठेवलंत तर एका अक्षराचाही बदल न करता एखाद्या दिवशी थीम मोडते.

खरा त्रास बिल्ड फेल होण्याचा नाही, पास होण्याचा आहे. थीम गिट सबमॉड्यूल (आपल्या रेपोत जोडलेला दुसरा रेपो) असेल आणि चेकआउटमध्ये सबमॉड्यूल्सचा पर्याय चालू केला नसेल, तर थीमचं फोल्डर येतं पण रिकामं. ह्यूगो लेआउट सापडत नसल्याच्या वॉर्निंग देतो आणि काम पूर्ण झाल्याचं सांगून मोकळा होतो. साइटमॅप आणि आरएसएस बनतात, मुख्य पान बनत नाही. ॲक्शन्समध्ये टिक हिरवी, साइटवर ४०४. यावर दोन उपाय, दोन्ही करा: बिल्ड कमांडला पॅनिक-ऑन-वॉर्निंगचा फ्लॅग लावा, आणि अपलोडआधी एक ओळीची स्टेप घाला, जी 'पब्लिक'मधली इंडेक्स फाइल नसेल किंवा रिकामी असेल तर बिल्ड थांबवेल.

तारखांचेही घोळ होतात. चेकआउट फक्त शेवटचा कमिट (गिटमध्ये नोंदवलेला बदल) आणतो, त्यामुळे 'शेवटचा बदल' गिटवरून काढत असाल तर सगळ्या पानांवर एकच तारीख दिसते. चेकआउटला फेच-डेप्थ ० द्या, म्हणजे सगळा इतिहास येतो. पोस्टच्या तारखेत टाइमझोन नसेल तर ह्यूगो ती वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतो. तुमचं घड्याळ यूटीसीच्या पुढे असेल तर आत्ता लिहिलेली पोस्ट भविष्यातली ठरून गाळली जाते, तीही मुकाट्याने. कॉन्फिगमध्ये टाइमझोन लिहा. पुढच्या तारखेच्या पोस्टसाठी क्रॉन (वर्कफ्लो ठरल्या वेळी चालवणारं वेळापत्रक) लावता येतो, पण तो नेमक्या मिनिटाला धावेल अशी खात्री नाही, आणि पब्लिक रेपोत ६० दिवस काही हालचाल नसेल तर तो आपोआप बंद होतो.

घरच्या मशीनवर दिसणारं चित्र लाइव्ह साइटवर गायब? फाइलनावातली लहान-मोठी अक्षरं तपासा. विंडोज आणि मॅक सहसा फरक करत नाहीत, लिनक्स करतो. सीएसएसच गायब असेल तर दोष बहुधा बेस यूआरएलचा (कॉन्फिगमधल्या साइटच्या मूळ पत्त्याचा): प्रोजेक्ट साइट रेपोच्या नावाखाली उघडते, आणि स्लॅशने सुरू होणारे पाथ डोमेनच्या मुळाशी जाऊन आपटतात.

प्रकाशित साइट १ जीबीपर्यंत, महिन्याला १०० जीबी बँडविड्थची सॉफ्ट मर्यादा. लेखांच्या साइटला हे भरपूर झालं. पानं १० मिनिटं कॅशमध्ये राहतात, तेव्हा डिप्लॉयनंतर लगेच जुनं पान दिसलं म्हणून वर्कफ्लो उकरू नका. खटकतं ते वेगळंच: स्वतःचे एचटीटीपी हेडर लावता येत नाहीत, सर्व्हरवरून रीडायरेक्ट नाही (ह्यूगोचे एलियस म्हणजे ब्राउझरला नव्या पत्त्यावर पाठवणारी मेटा रिफ्रेशची पानं), आणि पुल रिक्वेस्टचा (मिसळण्याआधी तपासायला पाठवलेल्या बदलाचा) प्रिव्ह्यू मिळत नाही. एकाहून जास्त माणसं लिहीत असतील तर प्रिव्ह्यूवाचून अडतं. तिथे क्लाउडफ्लेअर पेजेस ही अशीच दुसरी सेवा बरी. फक्त त्याच्या फुकट प्लॅनमध्ये एका साइटला २०,००० फाइल्सची आणि एका फाइलला २५ एमबीची मर्यादा आहे, म्हणून टॅगांची पानं ढिगाने बनवणाऱ्या साइटने आधी 'पब्लिक'मधल्या फाइल्स मोजाव्यात.