खाडीच्या गाळाची तपासणी: पुण्यातील एका प्रयोगशाळेचा अनुभव

कोकणातील एका खाडीच्या गाळात डीडीटी (कीटकनाशक) आणि पीसीबी (पूर्वी विद्युत उपकरणांच्या तेलात वापरली जाणारी रसायने) यांसारखी दीर्घकाळ टिकणारी रसायने आहेत का, हे तपासण्यासाठी आम्ही पुण्यातील एका खासगी प्रयोगशाळेची सेवा घेतली. काही त्रुटी असूनही ती मला विश्वासार्ह वाटली.

पाण्याऐवजी गाळ का, असे अनेकांनी विचारले. ही रसायने पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत; ती बारीक मातीवरील सेंद्रिय द्रव्याला चिकटतात आणि नदीचे गोडे पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यात मिसळते तेथे मातीचे कण एकमेकांना धरून तळाशी बसतात, तेव्हा ती त्यांच्याबरोबर खाली जातात. त्यामुळे पाण्याचा अहवाल निर्दोष आला तरी गाळ स्वच्छ आहे असे ठरत नाही. भारतात शेतीसाठी डीडीटीचा वापर 1989 मध्ये बंद झाला, तरी त्यापासून बनणारी डीडीई आणि डीडीडी ही संयुगे गाळात दशकानुदशके टिकू शकतात.

प्रयोगशाळेने प्लास्टिकच्या पिशव्या नाकारून काचेच्या बरण्या दिल्या, नमुने गोठवूनच आणावेत असे बजावले आणि भट्टीत न तापवता ते गोठवलेल्या अवस्थेतच निर्वात करून सुकवले. खाडीच्या काळ्या चिखलातील गंधक उपकरणाच्या वाचनात अडथळा आणते, म्हणून ते तांब्याची पूड वापरून काढले. मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट अशी, की प्रत्येक आकड्यासोबत सेंद्रिय कार्बन आणि 63 मायक्रॉनपेक्षा बारीक कणांचे प्रमाण दिले होते. रेताड आणि चिकणमातीच्या जागांची तुलना या दोन आकड्यांशिवाय दिशाभूल करणारी ठरते, आणि अनेक अहवालांत नेमके तेच नसतात.

एक त्रुटी मात्र गंभीर होती. पहिल्या अहवालात काही रसायनांपुढे केवळ ‘आढळले नाही’ असे लिहिले होते. किती कमी प्रमाणापर्यंत उपकरणाला ते दिसू शकते, याचा उल्लेख नव्हता. ही मर्यादा माहीत नसेल तर रसायन खरोखरच नाही, की असूनही मोजता आले नाही, हे कळत नाही. विचारणा केल्यावर सुधारित अहवाल मिळाला, पण तो मागावा लागणे योग्य नव्हे. नमुने देण्यापूर्वीच ही मर्यादा लेखी घ्यावी.

महाडची सावित्री किंवा लोटे-परशुरामजवळची वाशिष्ठी यांसारख्या, औद्योगिक वसाहतींलगतच्या नद्यांच्या खाड्यांवर काम करणाऱ्यांना डीडीटी आणि पीसीबीसाठी मी ही सेवा सुचवेन. दीर्घकाळ टिकणाऱ्या घातक रसायनांवरील आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत 2009 मध्ये समाविष्ट झालेल्या पीएफओएससाठी (डाग आणि पाणी रोखणाऱ्या लेपांत वापरले गेलेले रसायन) मात्र द्रव क्रोमॅटोग्राफीचे (द्रवाच्या साहाय्याने मिश्रणातील घटक वेगळे करणारे) वेगळे उपकरण लागते. ते येथे नाही, त्यामुळे त्या तपासणीची सोय अन्यत्र करावी लागेल.