तीन चेंडूंचा स्पायरोमीटर: पळणाऱ्याला ठीक, गाणाऱ्याला अपुरा

औषधांच्या दुकानात तीन रंगीत चेंडूंचा जो स्पायरोमीटर मिळतो, तो मुळात शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसे पुन्हा नीट फुलावीत यासाठी असतो. करोनाच्या काळात मात्र तो घरोघरी पोहोचला आणि ‘दमसास वाढतो’ म्हणून गाणाऱ्यांनाही त्याची शिफारस होऊ लागली. मी शास्त्रीय संगीतातला ख्याल शिकते आणि सकाळी पळायलाही जाते, त्यामुळे दोन्ही कामांसाठी तो वापरून पाहिला. किंमत तीनशे रुपयांच्या आत.

नळी ओठांत घट्ट धरून श्वास ओढला की सेकंदाला 600 घनसेंटिमीटर वेगाला पहिला चेंडू चढतो, 900 ला दुसरा आणि 1200 ला तिसरा. पळताना स्नायूंना प्राणवायू हवा असतो, त्यासाठी भरपूर हवा भराभर आत-बाहेर व्हावी लागते, आणि तिन्ही चेंडू वर टिकवण्याचा सराव निदान त्या दिशेचा आहे. चढावर लागणारी धाप त्याने कमी झाल्याचे मला तरी जाणवले नाही.

गाण्याची गरज याच्या नेमकी उलट आहे. स्वर लावताना स्वरतंतूंमधून सेकंदाला साधारण 100 ते 200 घनसेंटिमीटर हवाच जाते, म्हणजे यंत्र उलटे धरून तेवढ्याच बेताने श्वास सोडला तर पहिला चेंडूसुद्धा जागचा हलायचा नाही. काळी चारच्या, म्हणजे पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुरात गाणाऱ्या बाईच्या तार षड्जावर (वरच्या ‘सा’वर) स्वरतंतू सेकंदाला सुमारे 415 वेळा उघडतात-मिटतात, बरगड्या एकदम मिटू न देता श्वास पुरवून वापरावा लागतो, आणि एवढी मेहनत चालू असताना ती ऐकणाऱ्याला कळता कामा नये. अविनाश साबळे 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये 28 अडथळे आणि 7 पाण्यावरच्या उड्या पार करतो, तेव्हा शेवटच्या फेरीत त्याने दात-ओठ खाल्ले तर आपल्याला ते आवडतेच; संथ लयीच्या विलंबित ख्यालात गवयाने तसे केले तर रसभंग होतो. भावनेचेही तेच. चीड, ईर्षा पळणाऱ्याच्या पायांत बळ आणते, पण करुण बंदिश गाताना खरोखरच गहिवरून आले की घसा आवळतो, आवंढा येतो आणि स्वर जागेवरून सरकतो, म्हणून भाव पुरता जागवूनही गळा मोकळा ठेवण्याची कसरत गायकाला मैफलभर करावी लागते. तिला मोजणारा चेंडू या यंत्रात नाही.

फुप्फुसांची ताकद हीच गाण्याची ताकद असती, तर क्षयाने एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालेले कुमार गंधर्व पुन्हा गाऊच शकले नसते. त्यांनी श्वासाच्या मर्यादेत बसणाऱ्या लहान, टोकदार स्वरवाक्यांतून गायकी उभी केली. तेवढ्या फुप्फुसावर स्पर्धेत उतरणे धावपटूला शक्य झाले नसते.

आजारातून उठलेल्यांनी डॉक्टरांच्या सांगण्यावरून हा स्पायरोमीटर जरूर घ्यावा. लागोपाठ जोरात ओढत राहिल्यास चक्कर येते, तेव्हा मध्ये थांबावे. नळीचा सांधाही तपासून घ्यावा, माझा सैल निघाला आणि हवा बाजूने येत राहिली. गाणाऱ्यांनी मात्र हे तीनशे रुपये वाचवून सकाळी खर्जातला षड्ज (खालचा ‘सा’) घड्याळ लावून धरावा आणि सेकंद वाढवण्यापेक्षा शेवटच्या क्षणापर्यंत स्वर हलत नाही ना, एवढेच पाहावे.