नदीकाठच्या जुन्या घरासाठी नैसर्गिक हायड्रॉलिक चुना (एनएचएल ३.५) : तीन वर्षांनंतरचे मत

आमच्या कुटुंबाचे नदीकाठचे जुने घर बाहेरून फारसे काही आणावे लागू नये अशा विचाराने बांधलेले आहे. धान्याची कोठी, गोठा, भाज्या साठवण्याचे तळघर आणि पावसाच्या पाण्याचे टाके असे सारे एकाच आवारात आहे. पुढच्या पिढीलाही ते तसेच राबते मिळावे, म्हणून जोत्याच्या आणि तळघराच्या दगडी भिंतींच्या दरजा आम्ही या चुन्याने नव्याने भरल्या.

त्या दरजा मधल्या काळात, अधिक टिकतील या समजुतीने, सिमेंटने भरल्या गेल्या होत्या. जमिनीतून भिंतीत चढणारी ओल चुन्याच्या दरजांमधून सुकून जाते. ती वाट बंद झाल्यावर पाणी दगडातून बाहेर पडू लागले, क्षार दगडाच्या पृष्ठभागाशी साचले, लोणा लागला आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागले. कोठीतील तळाचे धान्य बुरसले, तेव्हा घराची स्वयंपूर्णता या भिंतींच्या कोरडेपणावर किती अवलंबून होती, हे आम्हाला कळले.

मातीचा अंश असलेला चुनखडक भाजून हा चुना तयार होतो, त्यामुळे तो आधी पाण्याशी संयोग होऊन आवळतो आणि मग हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश कठीण होतो. इंग्लिश अभियंता जॉन स्मीटन यांनी १७५६ मध्ये इंग्लंडजवळच्या समुद्रातील एडिस्टोन दीपगृहासाठी चुन्यांची परीक्षा केली, तेव्हा त्यांना पाण्याने आवळण्याचा हाच गुण हवा होता. ३.५ पेक्षा अधिक मजबूत असलेली ५ ही श्रेणी आम्ही जाणूनबुजून टाळली, कारण भराव दगडापेक्षा नरमच असला पाहिजे.

पहिल्या वर्षी लोणा उलट वाढला. आत साचलेले क्षार बाहेर येत होते. ते आम्ही कोरड्या ब्रशने झाडत राहिलो आणि दुसऱ्या वर्षापासून भिंती कोरड्या होऊ लागल्या.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. गोणीवरच्या सूचनांमध्ये वाळूविषयी जवळजवळ काहीच नाही. दाराशी मिळणारी नदीची बारीक, गोलसर वाळू आम्ही आधी वापरली आणि त्या दरजांना तडे गेले. निरनिराळ्या आकाराच्या, टोकदार कणांची वाळूच घ्यावी. दोन गोण्यांमध्ये ओल शिरून खडे झाले होते, त्या विक्रेत्याने बदलून दिल्या नाहीत. ओले गोणपाट लावून काम अनेक दिवस दमट ठेवावे लागते, पाच अंशांखालील थंडीत ते करूच नये, आणि भुकटी डोळ्यांना भाजते म्हणून चष्मा व हातमोजे अनिवार्य आहेत.

गेल्या वर्षी तळघरामागची मोरी दुरुस्त करताना जोत्याचे पाच दगड काढावे लागले. छिन्नीने दरजा खरवडताच ते अखंड निघाले आणि काम झाल्यावर पुन्हा आपापल्या जागी बसले.