फोर्ड एफ-१०० च्या मागच्या एक्सलला ३.२५, ३.५० की ४.११? तीन क्राऊन-पिनिअन जोडांचं परीक्षण

फोर्डचा नऊ इंची एक्सल १९५७ मध्ये आला आणि १९८६ पर्यंत चालला. साठ-सत्तरच्या दशकांतल्या बहुतेक एफ-१०० पिकअपच्या मागे तोच आहे, आणि त्याचे नवे क्राऊन-पिनिअन जोड (क्राऊन म्हणजे एक्सलमधलं मोठं दातेरी चाक, पिनिअन म्हणजे त्याला फिरवणारं लहान) अमेरिकेत आजही सहज मिळतात. इतक्या जुन्या ट्रकच्या बाबतीत हे मोठंच सुख. पण सहज मिळतं म्हणून ४.११ चा जोड मागवायचा आणि मग हायवेवर इंजिन किंचाळतंय म्हणून हळहळायचं, असं फार जणांचं होतं. कारण निवड एकट्या एक्सलची नसतेच. टायर, गिअरबॉक्सचा शेवटचा गिअर आणि मागे लादायचं किंवा ओढायचं वजन, हे तिन्ही आधी ठरलेलं हवं.

३.५० चा रेशिओ म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात प्रोपेलर शाफ्टचे साडेतीन फेरे. आकडा वाढला की ओढ वाढते आणि त्याच वेगाला इंजिनाचे फेरेही वाढतात. हिशेब सोपा आहे: ताशी मैल गुणिले रेशिओ गुणिले ३३६, भागिले टायरचा व्यास इंचांत. शेवटचा गिअर सरळ, म्हणजे १:१, असेल तर हे उत्तर म्हणजे इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे.

टायरचा व्यास मात्र बाजूवर छापलेल्या आकड्यावरून धरू नका. ट्रकमध्ये नेहमीचं वजन ठेवा, टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, ट्रक सरळ ढकलून चाकाचा एक पूर्ण फेरा होऊ द्या आणि कापलेलं अंतर ३.१४ ने भागा. खालचे आकडे २३५/७५ आर १५ टायरचे आहेत. त्याचा कागदावरचा व्यास २८.९ इंच.

ताशी ६५ मैलांना ३.२५ वर २,४५६ फेरे पडतात, ३.५० वर २,६४५ आणि ४.११ वर ३,१०६. १९७४ पासून अमेरिकेत वेगमर्यादा ५५ मैल होती. तेव्हा ४.११ वर २,६०० च्या आसपास फेरे पडायचे आणि ते चालून जायचं. आज आंतरराज्य महामार्गावर ६५-७० ने दोन तास जायचं असेल, तर ३०० घन इंचाच्या सहा सिलिंडरच्या इंजिनाला सतत तीन हजारांवर ठेवणं म्हणजे त्याचा स्वभाव न ओळखणं. हे इंजिन खालच्या फेऱ्यांत ओढणारं आहे. वर नेलं की आवाज वाढतो, पेट्रोल जळतं, काम तेवढंच होतं.

म्हणून ओव्हरड्राइव्ह (इंजिनाचे फेरे कमी करणारा, १:१ च्याही खालचा शेवटचा गिअर) नसलेल्या ट्रकसाठी आमचा कौल ३.५० ला. फोर्डच्या सी६ ऑटोमॅटिक पेटीचा पहिला गिअर २.४६ आहे, ३.५० शी गुणला की ८.६ येतो, आणि रिकाम्या किंवा अर्ध्या भरलेल्या ट्रकला चढावर सुटायला तेवढा पुरतो. एनपी४३५ ही चार गिअरची मॅन्युअल पेटी असेल तर तिचा पहिला ६.६८ चा आहे. म्हणजे ३.५० वरही एकूण २३.४ मिळतात. अशा पेटीच्या मागे ४.११ टाकण्यात फारसा अर्थ नाही, कारण पहिला गिअर आधीच चालत्या माणसाच्या वेगाचा आहे.

३.२५ चांगला आहे तो ३६० किंवा ३९० व्ही-८ असलेल्या, मोकळ्या फिरणाऱ्या ट्रकला. ट्रेलर लावून कॅलिफोर्नियातल्या ग्रेपव्हाइनचा सहा टक्क्यांचा चढ चढायचा असेल तर तो कमी पडतो. टॉप गिअरमध्ये इंजिन दबतं, सी६ दुसऱ्यात उतरते आणि तिथे १.४६ च्या गिअरवर ६५ ला साडेतीन हजारांच्या वर फेरे जातात. एक सापळा इथेच सांगायला हवा. ३.५० च्या ट्रकला ३१ इंची टायर चढवले की तो व्यवहारात ३.२६ चा होतो. मोठ्या टायरनंतर ‘ट्रकचा दम गेला’ असं वाटतं त्याचं कारण हेच, आणि तिथे ३.८९ चा जोड जुनी ओढ जवळपास परत देतो.

४.११ ला खरा न्याय मिळतो एओडी या फोर्डच्या ऑटोमॅटिक पेटीसारख्या ओव्हरड्राइव्हच्या जोडीने. चौथा गिअर ०.६७ चा, त्यामुळे ६५ मैलांना इंजिन जेमतेम २,०८० वर फिरतं आणि सुटतानाची ओढही मिळते. तोच एओडी ३.२५ च्या पुढे लावला तर चौथ्यात १,६५० फेरे उरतात. जरा चढ आला की पेटी तिसऱ्या-चौथ्यात घुटमळत राहते आणि तेल तापतं. ३०२ आणि ३०० इंजिनांना एओडी बसते, ३६०-३९० व्ही-८ ज्या एफई जातीचे आहेत त्या ब्लॉकला सरळ बसत नाही. एफई असेल तर ४.११ चा मोह सोडा.

मागवण्याआधी आत्ता काय आहे ते बघा. गोळ्याच्या (क्राऊन-पिनिअन धरणारा, एक्सलच्या मधोमध बसणारा भाग) एका नटाखाली पत्र्याची चकती असते. ३.५० चा आकडा पॉइंटच्या जागी इंग्रजी ‘एल’ घालून लिहिलेला असेल तर आत लिमिटेड स्लिप, म्हणजे घसरणाऱ्या एकाच चाकाला सगळी ताकद जाऊ न देणारं डिफरन्शिअल, आहे. चकती हरवली असेल तर ट्रक न्यूट्रलमध्ये, एक मागचं चाक जमिनीवर अडवलेलं, दुसरं उचललेलं. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजा. साध्या डिफरन्शिअलमध्ये तोच रेशिओ. चाकाला आठ बोल्टवाला एफ-२५० असेल तर हे परीक्षण तुमच्या कामाचं नाही, तिथे एक्सल वेगळा असतो. आणि फोर बाय फोर असेल तर पुढच्या एक्सलचा रेशिओही जुळवावा लागतो. तो खर्च आधीच धरा.

जोडांच्या दर्जाबद्दल. रस्त्यावर चालवायचं असेल तर ८६२० स्टीलचे दाते घ्या. ९३१० चा ‘प्रो’ जोड महाग असतो म्हणून चांगला समजला जातो, पण तो ड्रॅग रेसच्या झटक्यांसाठी मऊ ठेवलेला असतो आणि रोजच्या वापरात लवकर झिजतो. क्राऊन आणि पिनिअन यांच्यावर एकच जोड-क्रमांक कोरलेला असतो. क्रमांक जुळत नसेल तर खोका परत करा. सोबत बेअरिंग, सील, क्रश स्लीव्ह (पिनिअनचा नट कसताना दबणारी नळी) आणि शिमचा (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्यांचा) किट घ्याच. जुन्या बेअरिंगवर नवे दाते बसवणं म्हणजे तेच काम दोनदा करणं. कॅरिअरची बेअरिंग मात्र मोजून मागवा: गोळ्याच्या बोअरमध्ये २.८९१ आणि ३.०६२ इंच असे दोन नेहमीचे आकार सापडतात.

बसवणीत या एक्सलचा मोठा गुण म्हणजे गोळा पुढून अख्खा निघतो. चाकं आणि ड्रम काढा, एक्सलच्या फ्लँजमधल्या भोकातून रिटेनरचे चार नट सोडा, दोन्ही शाफ्ट ओढून घ्या, प्रोपेलर शाफ्ट उतरवा आणि गोळ्याचे दहा नट सोडा. खाली तसराळं ठेवा, कारण तेल इथूनच येतं. गोळा जवळपास ३५ किलोचा असतो. खाली झोपून छातीवर घेऊ नका, जॅक लावा. मग सगळी मापं टेबलावर, उजेडात घेता येतात.

चुका होतात त्या मुख्यतः पिनिअनच्या खोलीत, म्हणजे तो क्राऊनच्या किती जवळ बसतो त्यात. इथे शिम पिनिअनच्या पुढच्या घराच्या आणि केसच्या मध्ये बसतो. त्यामुळे शिम जाड केला की पिनिअन क्राऊनपासून दूर जातो, इतर बऱ्याच एक्सलच्या उलट. हे विसरलं की प्रत्येक दुरुस्ती चुकीच्या दिशेला होते. बॅकलॅश, म्हणजे दात्यांमधली मोकळीक, बाजूच्या आट्यांच्या ॲडजस्टर नटांनी जुळतो, सर्वसाधारणपणे ०.००८ ते ०.०१२ इंच; जोडासोबतच्या चिठ्ठीवर वेगळा आकडा असेल तर तोच खरा. क्राऊनचे दहा बोल्ट लाल लॉकिंग द्रव लावून ६५ ते ८० फूट-पाउंडांना कसतात. क्रश स्लीव्ह एकदा जास्त दबली की नट ढिला करून भागत नाही, नवीच लागते. शेवटी दात्यांना पिवळा रंग लावून ठसा बघा. ठसा दात्याच्या टोकाला किंवा मुळाशी सरकलेला असेल तर खोली चुकली आहे, आणि बॅकलॅश कितीही बदलला तरी ती बरी होत नाही. ॲक्सिलरेटर दाबताना ठराविक वेगाला हुंकार येतो तो बहुधा याच चुकीमुळे.

३.५० बद्दल एक बारकावा. त्यात क्राऊनला ३५ दाते आणि पिनिअनला १०, म्हणजे तेच दाते पुन्हा पुन्हा भेटतात. कारखान्याच्या जुन्या जोडांवर यासाठी रंगाच्या खुणा असतात. पुन्हा जुळवताना त्या समोरासमोर आणाव्या लागतात. ४.११ मध्ये ३७ आणि ९ दाते, तिथे ही अडचण येत नाही.

स्पीडोमीटरचा लहान गिअरही बदला. ३.२५ वरून ४.११ वर गेलात आणि तो तसाच ठेवलात, तर ६५ ला काटा ८२ दाखवेल.

तेल हायपॉइड जीएल-५ चं, अडीच ते तीन लिटर, भरण्याच्या भोकाच्या कडेपर्यंत. लिमिटेड स्लिप असेल तर त्यात फ्रिक्शन मॉडिफायर हवाच, नाहीतर वळणावर मागून कटकट आणि थरथर सुरू होते. पिनिअन क्राऊनच्या मध्यापासून सव्वादोन इंचांच्या आसपास खाली आहे, त्यामुळे या एक्सलमध्ये दाते एकमेकांवर जास्त घासतात आणि तो इतरांपेक्षा जास्त तापतो. म्हणून पहिल्या दिवशी १५-२० मैल हळू चालवून अर्धा तास थंड होऊ द्या, असं दोन-तीनदा करा. पहिले ५०० मैल ट्रेलर लावू नका. त्यानंतर तेल काढा: बारीक राखाडी चमक दिसली तर दाते बसले आहेत, नखाला टोचणारा कण लागला तर गोळा पुन्हा उतरवा.