सुदामा नगर, राऊ की बिचोली: घर हलवण्याआधी आम्ही काय काय मोजलं

इंदूरच्या सुदामा नगरातलं घर सासऱ्यांनी बांधलं तेव्हा खाली दोन खोल्या आणि वर गच्ची एवढंच होतं. पुढे गच्चीवर मजला चढला, दिरांचं लग्न झालं, आम्हाला दोन मुलं झाली, आणि एका दिवाळीत सगळ्यांच्याच लक्षात आलं की आता फराळाला एकत्र बसायलाही जागा नाही. त्या दिवसापासून आमच्याकडे रात्रीच्या जेवणाला एकच विषय. नवरा पीथमपूरला कारखान्यात, मी पलासियाला नोकरीला, मुलगी चौथीत, मुलगा केजीत, आणि सासूबाई आमच्याबरोबर येणार हे नक्की. पर्याय तीन होते: इथेच सुदामा नगरात जुनं घर विकत घ्यायचं, राऊला नवं घर घ्यायचं, किंवा बायपासलगत बिचोली मर्दानाला टाउनशिपमध्ये फ्लॅट घ्यायचा. वर्षभर तिन्हीकडे खेटे घातले. ज्यांच्या घरात आत्ता हाच विषय चालू आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय.

संपत्तिकर

'बाहेर गेलात की टॅक्स वाचतो' हे आम्हाला प्रत्येक दलालाने ऐकवलं. म्हणून सगळ्यात आधी त्याचाच हिशेब मांडला.

आपल्याकडे मध्य प्रदेशात घराच्या वार्षिक भाडेमूल्यावर संपत्तिकर बसतो. वस्ती कोणत्या झोनमध्ये येते आणि बांधकाम कसं आहे, यावरून चौरस फुटाचा दर ठरतो. त्या भाडेमूल्याचे ठरावीक टक्के कर लागतो. मालक स्वतः राहत असेल तर निम्मा कर माफ. समजा घर 1,200 चौरस फुटांचं आहे, दर फुटाला वर्षाचे 20 रुपये धरला आणि कर 10 टक्के. भाडेमूल्य झालं 24,000, कर 2,400, आणि स्वतः राहता म्हणून 1,200. हे आकडे रीत कळावी म्हणून घेतलेत; तुमच्या झोनचा दर घालून हेच गणित करा. समेकित कर (सफाई, दिवे वगैरेंचा एकत्रित कर), उपकर, पाण्याचे आणि कचऱ्याचे पैसे याच्या वर.

आता तुलना. सुदामा नगर महापालिकेत. राऊला स्वतःची नगर परिषद आहे, तिथे इंदूर महापालिकेचे दर लागत नाहीत. बिचोली मात्र लोकांना वाटतं तशी 'बाहेर' राहिलेली नाही. 2015 च्या निवडणुकीआधी आजूबाजूची 29 गावं महापालिकेत घेतली आणि 85 वॉर्ड झाले, त्यात ती आली. म्हणजे कर वाचवायला बिचोलीला जाण्यात अर्थ नाही, आणि राऊला जाऊन जे वाचतं ते आमच्या हिशेबात वर्षाला एखाद-दीड हजाराच्या पुढे गेलं नाही. स्कूल बसची एका महिन्याची फी त्याहून जास्त होती.

खरा फरक पडतो तो रजिस्ट्रीला. 2021 पासून स्त्रीच्या नावावर रजिस्ट्री केली तर नोंदणी शुल्क 3 ऐवजी 1 टक्का लागतं. साठ लाखांच्या घरावर ही बचत 1 लाख 20 हजारांची होते. वरच्या उदाहरणातला संपत्तिकर शंभर वर्षं भरता येईल, एवढी. घर माझ्या नावावर घ्यायचं हा निर्णय सासूबाईंनी एका मिनिटात दिला. शिवाय कलेक्टर गाइडलाइनचे दर, म्हणजे रजिस्ट्रीसाठी धरायचे जागेचे सरकारी दर, 1 एप्रिलला बदलतात, तेव्हा सौदा मार्चमध्ये ठरत असेल तर रजिस्ट्री लांबणीवर टाकू नका.

जुनं घर घेणाऱ्यांनी मागच्या संपत्तिकराच्या आणि पाण्याच्या पावत्या मागून घ्याव्यात. सुदामा नगरात आम्हाला आवडलेल्या एका घरावर कित्येक वर्षांची थकबाकी निघाली आणि मालक म्हणाले, 'लोक अदालतीत अधिभार माफ होतो, तुम्ही भरून टाका.' आम्ही नमस्कार करून निघालो.

टॅक्सपेक्षा मोठा प्रश्न: कॉलनी हस्तांतरित झालीय का?

बिचोलीची टाउनशिप पहिल्यांदा पाहिली ती हिवाळ्यातल्या संध्याकाळी. हिरवळ, कारंजं, मुलांना झोपाळे. मुलीने तर आपली खोलीही ठरवून टाकली. दुसऱ्यांदा मुद्दाम मे महिन्यात, भर दुपारी दोनला गेलो. गेटच्या आत पाण्याचा टँकर उभा होता, त्याचा जाड पाइप खालच्या टाकीत सोडलेला, आणि चौकीदार वहीत फेरी लिहून घेत होता. मी वही बघितली. त्या दिवसातली ती चौथी फेरी होती. कारंजं बंद.

इंदूरला 1978 पासून नर्मदेचं पाणी येतं, सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून, तेही बहुतेक ठिकाणी दिवसाआड. आम्हा जुन्या वस्तीतल्या लोकांना त्याची इतकी सवय झालीय की नळाचा दिवस चुकला तरच आठवण होते. नव्या कॉलनीत आधी विचारायचं ते हेच: लाईन आतपर्यंत आली आहे का, की बोअरिंग आणि टँकरवरच भागवताय? कॉलनी महापालिकेकडे हस्तांतरित झालेली नसेल तर रस्ता, दिवे, ड्रेनेज सगळं रहिवाशांच्या वर्गणीतून. फुटाला महिन्याचे दोन रुपये मेंटेनन्स धरला तरी 1,200 फुटांचे वर्षाला 28,800 होतात. संपत्तिकरही भरायचाच. राऊच्या नव्या कॉलन्यांनाही हे लागू आहे, तिथे विचारणा नगर परिषदेत करायची एवढाच फरक. टीएनसीपीचा (नगररचना विभागाचा) मंजूर नकाशा, रेराचा (बांधकाम प्रकल्पांच्या सरकारी नियामकाचा) नंबर आणि डायव्हर्शनची (शेतजमीन घरांसाठी वळवल्याची) पावती, हे तीन कागद हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नका.

शाळा

इथे मी सगळ्यात जास्त अडकले. सुदामा नगरातून मुलीची शाळा स्कूटीवर दहा मिनिटं. बिचोलीच्या बाजूने, बायपासला लागून, मोठ्या सीबीएसई शाळांची रांगच आहे. राऊकडेही एबी रोडला (आग्रा-मुंबई रस्त्याला) चांगल्या शाळा आहेत. म्हणजे शाळा तिन्हीकडे मिळते. प्रश्न मूल शाळेत पोचतं कसं, हा आहे.

एक मैत्रीण बिचोलीला राहते. तिच्याकडे मुक्काम करून सकाळी तिच्या लेकीला सोडायला मीच गेले. सहा चाळीसला सर्व्हिस रोडच्या कडेला आम्ही दोघी उभ्या. धुकं, शेजारून कंटेनर जाताहेत, प्रत्येक वेळी वाऱ्याचा फटका बसतोय, आणि ती सात वर्षांची पोर तूप-साखर लावलेली पोळी गुंडाळून हातात धरून अर्ध्या झोपेत खातेय. बस आली सहा पंचावन्नला. जानेवारी 2018 मध्ये याच बायपासवर शाळेच्या बसचा अपघात झाला, चार मुलं आणि चालक गेले. ते इंदुरात कोणीच विसरलेलं नाही, मीही नाही. तिथे राहणाऱ्या शेकडो घरांतली मुलं रोज नीट येतात-जातात, हे मला कळतं. पण शाळा बायपासच्या ज्या अंगाला, घरही त्याच अंगाला असावं, हे मी त्या सकाळी ठरवलं. पलीकडे जायचं तर बायपासखालचा बोगदाच, आणि सकाळी बोगद्यात अडकलेली बस मी डोळ्यांनी पाहिली.

फीबद्दल एवढंच: 2017 च्या कायद्याप्रमाणे वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढ करायची तर शाळेला जिल्हा समितीची परवानगी लागते. बसची फी वेगळी विचारा. मधल्या वर्गात शाळा बदलायची तर टीसीबरोबर समग्र आयडीवरचा (राज्य सरकारच्या कुटुंब-ओळख क्रमांकावरचा) पत्ताही लगेच बदलून घ्या. आम्ही तो बदलायला उशीर केला आणि चार चकरा पडल्या.

जाणं-येणं

बिचोलीहून पीथमपूर लांब, पण बायपासने राऊपर्यंत शहर लागत नाही. माझं पलासिया मात्र तिथून जवळ. राऊहून नेमकं उलटं: नवऱ्याचा रस्ता निम्म्यावर आला, माझा वाढला. सुदामा नगरातून दोघांनाही मधलं अंतर, फक्त महू नाक्याची गर्दी रोजची.

मेट्रोच्या नावावर घर घेऊ नका. 31 मे 2025 ला सुरू झाली ती सुपर कॉरिडॉरवरची सहा किलोमीटरची पट्टी, आमच्या तिन्ही पर्यायांना तिचा काही उपयोग नव्हता. बीआरटीएसची, म्हणजे फक्त बससाठी राखलेली, मार्गिका 2013 मध्ये आली आणि 2025 मध्ये हायकोर्टाच्या आदेशाने ती काढायचं ठरलं. तिच्या भरवशावर एबी रोडला घर घेतलेले लोक माझ्या ऑफिसात आहेत. त्यापेक्षा राऊची रेल्वे जुनी: इंदूर-महू मार्गावर लोकमान्य नगर, राजेंद्र नगर आणि राऊ ही स्टेशनं ओळीने आहेत. गाड्या मोजक्या, पण वेळ जुळली तर एबी रोडची कटकट टळते.

आम्ही काय केलं

आम्ही राऊला आलो. पीथमपूरची नोकरी, राऊचीच शाळा, आणि मेमध्येही नळाला पाणी दिसलेली कॉलनी, या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणून. दोघांच्याही नोकऱ्या पलासिया-विजय नगरकडे असत्या तर मी बिचोलीच घेतली असती, मेंटेनन्स सोसून. आणि घरातलं वयस्कर माणूस एकट्याने बाहेर पडणारं असेल, मुलांची शाळा चांगली चालू असेल, तर लहान घर चालेल पण जुनी वस्ती सोडू नका, असं मी कळकळीने सांगेन. आम्ही जे गमावलं ते तिथेच. सुदामा नगरात सासूबाई भाजी आणायला निघाल्या की चार घरी थांबून यायच्या. इथे पहिले दोन महिने त्या गॅलरीत बसून होत्या. सानंद या इंदूरच्या मराठी सांस्कृतिक संस्थेच्या नाटकाला जायचं तर परतायला रात्र होते म्हणून त्यांनी सभासदत्वच सोडायचं काढलं, ते आम्ही होऊ दिलं नाही. आता गुरुवारी सकाळी मी ऑफिसला जाताना त्यांना जुन्या घरी सोडते, दुपारी त्यांचं भजन होतं, आणि संध्याकाळी येताना घेऊन येते. त्या दिवशी डबा जाऊबाईच भरून देतात.